दाद मागायची जागा

१९३५मध्ये हॉवर्ड थर्मन हा कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशक भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आला होता. कोलंबोच्या लॉ कॉलेजात त्याचे भाषण झाले. अमेरिकेतल्या कायद्याने तिथल्या कृष्णवर्णीयांची जी कोंडी करून ठेवली होती, तिच्याबद्दल तो बोलला. भाषणानंतर तिथल्या एका हिंदू गृहस्थाने त्याला कॉफीला बोलावले आणि आडपडदा न ठेवता विचारले, की तुम्ही इथे करताय तरी काय? तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नेणारे ख्रिस्ती, विकत घेणारेही ख्रिस्ती. गुलाम वाहून नेणाऱ्या एका जहाजाचे तर नावच ‘जीझस’. ज्याची भक्तिगीते तुम्ही गाता तो जॉन न्यूटन गुलामांच्या व्यापारावर पैसा केलेला. रविवारची उपासना मध्येच थांबवून एका काळ्या माणसाला ठार मारायला धावलेली आणि काम उरकून पुन्हा उपासनेला येऊन बसलेली मंडळीही ख्रिस्तीच. एवढे सगळे होऊन तुम्ही त्याच धर्माचे म्हणून आमच्यापुढे उभे राहता, तेव्हा मला तुम्ही जगातल्या साऱ्या काळ्यासावळ्यांशी द्रोह करणारे वाटता. ही हकीगत थर्मनने पुढे १९४९च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात अगदी सुरुवातीला सांगितली आहे. अख्खे पुस्तक म्हणजे त्या कॉफीच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न झोंबणारा होता आणि तो विचारणारा माणूस एकटा नव्हता. फेब्रुवारी १९३६मध्ये थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटला. मतदानाचा हक्क, शाळा, लिंचिंग म्हणजे जमावाने केलेल्या हत्या असे एकेक खोदून विचारता विचारता गांधीजींनीही शंका काढली, की तुमचे गुलाम मुसलमान का नाही झाले? त्या धर्मात निदान नमाजाच्या रांगेत मालक आणि गुलाम शेजारी शेजारी उभे राहतात. पुढे कृष्णवर्णीय मुसलमान नेता माल्कम एक्स याने हाच मुद्दा हार्लेमच्या रस्त्यांवर अधिक तिखटपणे मांडला. या आक्षेपावर दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक म्हणते, बुडत्याला काडीचा आधार, काडी कोणाच्या शेतातली हे तो बघत नाही. दुसरे म्हणते, गुलामाला दुसरे काही ठाऊकच नव्हते, मालकाने पाजले ते तो प्यायला. दोन्ही उत्तरे सहानुभूतीची दिसतात, पण दोन्हींत गुलामाला स्वतःची अक्कल होती हे गृहीतच धरलेले नाही. मला ती पटत नाहीत. छळ असह्य झाला की माणूस देवाकडे वळतो तो आधी सांत्वनासाठीच, ही आपली समजूत मुळात तपासून पाहायला हवी. माझे म्हणणे असे, की अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस ख्रिस्ताकडे वळला तो प्रामुख्याने दाद मागायला. त्याच्या देशात त्याला दाद मागायला दुसरी जागाच शिल्लक ठेवलेली नव्हती.

जागा शिल्लक नव्हती हे अलंकारिक बोलणे नाही. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७मध्ये कायदा केला, की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलामाच्या स्थितीत काही फरक पडणार नाही. कायदा करावा लागला, कारण ख्रिस्ती माणसाला गुलाम कसे ठेवायचे ही शंका मळेवाल्यांनाच सतावत होती. ती शंका त्यांनी अशी कागदावर मिटवून टाकली. गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष कोर्टात ग्राह्य नव्हती. त्याच्या लग्नाला कायद्यात अस्तित्व नव्हते, त्यामुळे बायको किंवा मूल विकले गेले तर काही तुटले असे म्हणायचीही सोय नव्हती. ६ मार्च १८५७ रोजी ड्रेड स्कॉट खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही आणि म्हणून त्याला इथल्या संघीय कोर्टात फिर्याद लावता येत नाही. १८६५मध्ये गुलामगिरी गेली. पण १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ४४००हून अधिक कृष्णवर्णीयांची नोंद आता झाली आहे. पुष्कळदा जमाव प्रेताशेजारी उभा राहून फोटो काढून घेई, त्या फोटोंची पोस्टकार्डे विकली जात, चेहरे स्वच्छ ओळखू येत. आणि मृत्यूच्या चौकशीत लिहिले जाई, की अज्ञात व्यक्तींच्या हातून मरण आले. ज्याच्यावर हे गुदरले त्याचे दुःख तर मोठे होतेच, पण त्याच्या वर आणखी एक गोष्ट होती. जे झाले तो अन्याय होता असे मान्य करणारी एकही अधिकृत जागा देशात नव्हती. शेरीफ, कोर्ट, वर्तमानपत्र, गोऱ्यांचे चर्च, सगळ्यांच्या लेखी काही वावगे घडलेलेच नव्हते. अशा वेळी माणसाला मलमपट्टीच्याही आधी कोणीतरी साक्षीदार लागतो.

हे मालकांनी गुलामांच्या आधी ओळखले होते, असे मला कधी कधी वाटते. १८०७मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. ती ‘स्लेव्ह बायबल’ या नावाने ओळखली जाते. जुन्या कराराचा सुमारे नऊ दशांश भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ निम्मा भाग तिच्यातून गाळला होता. काय गाळले ते पाहिले की संपादकांची भीती कळते. मोशे इस्राएलींना फारोच्या दास्यातून सोडवून नेतो ती निर्गमातली कथा गायब. जाचलेल्यांचे आक्रोश ज्यात भरले आहेत ती स्तोत्रे गायब. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा पौलाचा उपदेश मात्र शाबूत. धर्म ही नुसतीच गुंगीची गोळी असती तर मूळ पुस्तक आहे तसे द्यायला कोणाची हरकत होती? कात्री चालवावी लागली, यातच त्या पुस्तकाच्या पोटात काय होते त्याचा पुरावा आहे.

आणि वाचणाऱ्यांनी आपली कात्री उलटी चालवली. थर्मनची आजी नॅन्सी अँब्रोज फ्लोरिडात गुलाम म्हणून वाढली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे वाचायला तिची बंदी. अपवाद एकच, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रेमावरचा तेरावा अध्याय, तोही कधीमधी. कॉलेजात गेल्यावर एकदा नातवाने धीर करून कारण विचारले. तिने सांगितले, की गुलामगिरीच्या दिवसांत मालकाचा पाद्री अधूनमधून आमच्यापुढे उपदेश करायला येई, आणि दर वेळी वचन पौलाचेच, धन्याची आज्ञा पाळण्याचे. तेव्हाच तिने देवाला शब्द दिला होता, की कधी वाचायला आले आणि स्वातंत्र्य मिळाले, तर बायबलाचा हा भाग मी वाचणार नाही. वर्षातून एखाद्या वेळी मात्र गुलामांतलाच एक उपदेशक यायचा आणि शेवटी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत सांगायचा, की तुम्ही कोणाचे गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. ते सांगताना आजीची मान ताठ होई, असे थर्मन लिहितो. या बाईला मालकाने पाजलेले प्यायलेली कसे म्हणायचे? अक्षरशत्रू बाई, पण पवित्र ग्रंथातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे याचा निवाडा तिने स्वतः केला होता. तोही देवाला साक्षी ठेवून, देवाच्याच ग्रंथाविरुद्ध. आपल्याकडे पोथीनिष्ठ म्हणतात तशी ती बिलकूल नव्हती.

दिवसा मालकाच्या चर्चच्या मागल्या बाकांवर बसायचे आणि रात्री जंगलाच्या आडोशाला जमून खरी प्रार्थना करायची, हा शिरस्ता दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी होता. जमणे बेकायदा, पकडले गेले तर पाठीवर फटके. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक म्हाताऱ्यांनी नंतर सांगितले आहे, की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी लोखंडी भांडे पालथे घालून ठेवत. भांड्याने आवाज खरोखर अडत असेल असे नाही, पण हाक मारणे धोक्याचे आहे हे पक्के ठाऊक असूनही ती मारायची होती, एवढे त्यावरून कळते. गुलामगिरीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लसचा अनुभव याच्या दुसऱ्या अंगाचा. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२च्या ऑगस्टमध्ये एका मेथडिस्ट मेळाव्यात भक्त बनला. आता हा आपल्याला मुक्त करील, निदान मवाळ तरी होईल, अशी डग्लसला आशा होती. झाले उलटेच. एका लंगड्या मुलीला बांधून आसूड ओढताना तो बायबलमधले वचन म्हणू लागला. आधी तो नुसता क्रूर होता. आता क्रौर्याला आधारही मिळाला. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने धर्मावर थुंकायला हवे होते. डग्लसने १८४५च्या आत्मचरित्राला पुरवणी जोडून लिहिले, की या देशातल्या ख्रिस्ती धर्माचा मी वैरी आहे तो ख्रिस्ताच्या धर्मावर माझे प्रेम आहे म्हणूनच. न्यू बेडफर्डमध्ये तो स्वतः उपदेशकही झाला होता. ऑल्ड दांभिक आहे असे म्हणायला डग्लसला माप लागत होते, आणि ते माप ऑल्डच्याच हातातल्या पुस्तकातून त्याने उचलले. याला लाचारी म्हणता येत नाही. मालकाने ज्या कायद्याची शपथ घेतली आहे त्याच कायद्याखाली मालकावर फिर्याद लावणे, असेच हे होते.

आता गांधीजींच्या शंकेकडे. ती मोडीत काढण्यासारखी नाही. आफ्रिकेतून आणलेल्यांत मुसलमान होतेच, शिवाय आपापल्या कुळांची दैवते घेऊन आलेले कितीतरी होते. भाषा तोडल्या, माणसे पांगवली, जमणे बंद केले, त्यात ते धर्म बहुतेक ठिकाणी विखरून गेले. म्हणजे गुलामापुढे चार धर्म मांडून ठेवले होते आणि त्याने त्यातून एक उचलला, असे चित्र रंगवणे खोटेपणा होईल. पण निवड आणि सक्ती यांच्या मधे एक तिसरी गोष्ट असते. परक्याने हातात ठेवलेल्या वस्तूवर माणूस स्वतःचा हक्क बसवू शकतो. थर्मनचे उत्तर याच वाटेने जाते. त्याने येशूकडे पाहिले तो एक गरीब यहुदी, रोमच्या टाचेखालच्या प्रजेतला, ज्याला पौलासारखे रोमन नागरिकत्वाचे कवच नव्हते. रोमन शिपायाने ढकलून गटारात पाडले तर ज्याला दाद मागता येणार नाही असा माणूस. साम्राज्याने रीतसर खटला चालवून त्याला खिळे ठोकून मारला. अलाबामातल्या माणसाला हे समजावून सांगायला वेगळी टीका-टिप्पणी लागत नव्हती. जेम्स कोन या धर्मचिंतकाने २०११च्या पुस्तकात क्रूस आणि लिंचिंगचे झाड शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, की अमेरिकेतल्या गोऱ्या धर्मशास्त्रज्ञांना हे साम्य इतकी वर्षे दिसले कसे नाही. ज्यांच्या घरातला कोणी झाडाला लटकला होता, त्यांनी मात्र ते कधीच पाहिले होते.

इथवर फक्त मनातल्या श्रद्धेची गोष्ट झाली. मराठी वाचकाला इथे चोखोबा आठवल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यांनीही देवाकडे दादच मागितली. त्यांच्या अभंगांतली तक्रार थेट विठ्ठलाशी आहे आणि ती मिंधी नाही. पण मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली वेठीचे काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर झाली. देऊळ उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. श्रद्धा होती, वाणी होती, तरी सहाशे वर्षे निकाल लागला नाही. तेव्हा नुसत्या श्रद्धेने भागते असे मी म्हणणार नाही. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड ॲलन या कृष्णवर्णीय उपदेशकाची गोष्ट इथे वेगळी पडते. सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना तिथून उठवून मागे हटवले जाऊ लागले, तेव्हा ॲलन, अब्सालोम जोन्स आणि त्यांची माणसे सरळ बाहेर पडली. ॲलनने लोहाराच्या दुकानाची एक जुनी इमारत घेतली, घोडे जुंपून ती आपल्या जागेवर ओढत आणली आणि १७९४मध्ये तिथे बेथेल चर्च उघडले. गोऱ्या मेथडिस्टांनी या मालमत्तेवर ताबा सांगत वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला. १८१६मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. जमीन, इमारत, वर्गणीची पेटी, पाळक नेमण्याचा अधिकार आता त्यांच्या हातात होता. काळ्या माणसाला अध्यक्ष, खजिनदार, सचिव म्हणून हाक मारली जाते अशी कितीतरी गावांत पुढे दीडशे वर्षे ही एकच जागा होती. आपल्याकडच्या भक्तीला पायरी मिळाली. ॲलनने खरेदीखत मिळवले.

जोतीराव फुल्यांना अमेरिकेतली ही झुंज दुरून दिसत होती. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचा घरोबा होता, तरी बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. पण निर्मिक त्यांनी सोडला नाही. सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखे हक्क देऊन घडवणारा निर्मिक हा त्यांच्या विचाराचा कणा आहे, कारण पेशवाईपासून चालत आलेला रिवाज आणि धर्मशास्त्र दोन्ही विरुद्ध असताना शूद्रातिशूद्रांचा दावा दाखल करायला त्यांच्याहून वरचे कोणीतरी हवे होते. आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइसला पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाबद्दल विचारणा केली. दोन्ही लढ्यांचे साम्य त्यांना पुरते ठाऊक होते. तरी त्यांनी छळणाऱ्यांचा धर्म सोडला आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या लोकांनी तो धरून ठेवला. दोन्ही घटना एकाच साली कळसाला गेल्या, नागपूरची धम्मदीक्षा आणि माँटगोमेरीचा बसबहिष्कार, १९५६. यात एकाचे धैर्य आणि दुसऱ्याची भीती पाहणारे लोक मला भेटतात. माझ्या मते दोघांनी एकच कसोटी लावली आणि निष्कर्ष वेगळे आले. या ग्रंथाच्या आधाराने आम्हांला छळणाऱ्यावर फिर्याद लावता येते का? निर्गमाच्या आधाराने लावता येत होती. मनुस्मृतीच्या आधाराने येत नव्हती, म्हणून ती महाडला जाळली गेली. आंबेडकर ख्रिस्ती झाले नाहीत, कारण इथल्या चर्चमध्ये जात आधीच जाऊन बसली होती आणि बाटलेल्या अस्पृश्याच्या बाजूने चर्च लढायला उभे राहत नव्हते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांनी नाकारले ते धर्म या गोष्टीला नव्हे. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात, गरिबाला आणि पीडिताला धर्म लागतो, तो आशेवर जगतो, हा मुद्दा त्यांनी आवर्जून मांडला होता.

माँटगोमेरीतली एक रात्र जरा जवळून पाहण्यासारखी आहे. २७ जानेवारी १९५६. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचा दुसरा महिना. आदल्या दिवशी किंगला वेगमर्यादा मोडल्याच्या क्षुल्लक सबबीखाली अटक झाली होती. रात्री उशिरा फोन वाजला, तीन दिवसांत गाव सोड नाहीतर तुला आणि तुझ्या घराला उडवून देऊ. बायको झोपलेली, मुलगी अवघी दोन-अडीच महिन्यांची. किंग स्वयंपाकघरात आला, कॉफी केली आणि भित्रा न ठरता यातून अंग कसे काढून घ्यावे याचा विचार करत बसला. माणूस सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, बोस्टन विद्यापीठाची धर्मशास्त्रातली डॉक्टरेट आदल्याच वर्षीची; त्या क्षणी त्यातले एक पान उपयोगी पडेना. टेबलावर डोके टेकून तो मोठ्याने बोलला, की मी थकलो, माझ्यात आता काही उरले नाही, एकट्याने हे मला झेपत नाही. त्याच्या सांगण्यानुसार आतून जे उत्तर आले ते थोपटणारे नव्हते. न्यायासाठी उभा राहा, मी सोबत आहे, अशा अर्थाचे ते होते. धमकी टळली नाही. तिसऱ्या दिवशी खरोखरच घरावर बाँब पडला. त्या रात्रीचे मानसशास्त्र कोणी कसेही मांडो. फिर्याद घेऊन गेलेल्याला हुकूम मिळाला आणि तोही त्याच्याच नावाने निघालेला, एवढे तरी मान्य करावे लागते. यात देवभोळेपणा शोधणाऱ्यांनी बाहेर रस्त्यावर काय चालले होते तेही पाहावे. बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो चर्चच्या जोरावर. सभा चर्चमध्ये, पैसा चर्चच्या थाळीतून, आणि माणसांची ने-आण करणाऱ्या स्टेशन वॅगन चर्चच्या नावावर नोंदवलेल्या. लोक त्यांना फिरती चर्चे म्हणत. ज्यांच्यापासून हे सुरू झाले त्या रोझा पार्क्सही ॲलनच्याच पंथातल्या.

धर्म ही अफू आहे हा आक्षेप अर्थात राहतोच, आणि तो टोलवून लावण्याइतका पोकळ नाही. गॅरी मार्क्स या समाजशास्त्रज्ञाने (कार्लचा कोणी नव्हे) १९६७मध्ये कृष्णवर्णीयांच्या पाहणीवरून दाखवले, की सरासरीने पाहता धार्मिकता जितकी जास्त तितकी लढाऊ वृत्ती कमी. माझ्या म्हणण्याला हा सरळ धक्का आहे. त्याच पाहणीत असेही दिसले, की ज्यांचा धर्म परलोकापेक्षा या जगाकडे तोंड करून होता ते लढ्याला अधिक अनुकूल होते. तेव्हाची सर्वांत मोठी कृष्णवर्णीय धर्मसंस्था असलेल्या नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचा अध्यक्ष जोसेफ जॅक्सन किंगच्या मार्गाचा कट्टर विरोधक होता. १९६१मध्ये त्या संस्थेत फूट पडली आणि किंगच्या बाजूचे वेगळे झाले. वरच्या कोर्टात अर्ज टाकला की खालच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायचे कष्ट वाचले, असे मानणारे तिथे भरपूर होते. तो धोका या श्रद्धेच्या रचनेतच आहे. सगळा हिशेब मरणानंतर चुकता होणार असेल तर आज शेरीफशी हुज्जत कशाला? पण धोका आहे म्हणून दाद मागण्याची गरजच खोटी ठरत नाही. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर या बाईला मतदार म्हणून नाव घालायला गेल्याबद्दल १९६२मध्ये, जिथे ती अठरा वर्षे राबली, त्या मळ्यावरून काढून टाकले. पुढच्या वर्षी विनोनाच्या तुरुंगात तिला बेदम मारले. तिला आपल्याला मत देता येते हे पहिल्यांदा कळले होते तेही एका चर्चमधल्या सभेत.

सर्वांत अवघड आक्षेप तत्त्वज्ञ विल्यम जोन्सने १९७३मध्ये आपल्या पुस्तकाच्या नावातच विचारला आहे: देवच गोरा वंशवादी आहे का? इतकी वर्षे एकाच वर्णाच्या माणसांवर हे ओढवले. मग न्यायाधीश त्यांच्या बाजूचा आहे, हे कशावरून? १५ सप्टेंबर १९६३ला बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये उपासनेच्या आधी बाँब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. दाद मागायच्या जागेवरच घाला. हार्लेममध्ये चौदाव्या वर्षी भक्तीत बुडालेला आणि सतराव्या वर्षी चर्च सोडून गेलेला जेम्स बाल्डविन त्याच वर्षी ‘द फायर नेक्स्ट टाइम’मध्ये चर्चचा हिशेब मांडून बसला होता, आणि त्याचे बाहेर पडणे मला किंगच्या आत राहण्याइतकेच प्रामाणिक वाटते. जोन्सच्या प्रश्नाला पुरे उत्तर नाही. बायबलमधल्या ईयोबालाही ते मिळाले नव्हते, वादळातून मिळाले ते प्रतिप्रश्नच. मला एवढेच दिसते, की हा प्रश्न विचारण्याइतका संताप येतो तो न्याय असायला हवा होता या विश्वासातून. ज्याने तो विश्वास कधी धरलाच नाही, त्याच्या लेखी चार मुलींचे मरण ही एक वाईट बातमी ठरते, विश्वासघात नाही. बर्मिंगहॅमच्या लोकांनी तो विश्वासघात मानला आणि खालच्या कोर्टाचा पिच्छाही सोडला नाही. पहिली शिक्षा १९७७मध्ये झाली, आणखी दोघांना २००१ आणि २००२मध्ये.

उरला क्षमेचा प्रश्न, आणि यात मी जरा सावधच आहे. १७ जून २०१५ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा तरुण आला. त्याला बसायला जागा दिली गेली. तासाभराने त्याने पाळक क्लेमेंटा पिंकनींसह नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी जामिनाच्या सुनावणीत मृतांच्या काही नातेवाइकांनी पडद्यावरच्या आरोपीला उद्देशून सांगितले, की आम्ही तुला क्षमा करतो. देश गहिवरला. बऱ्याच गोऱ्यांना हायसेही वाटले असणार, कारण काळ्यांनी क्षमा केली की बाकीच्यांना काही करायला उरत नाही. अशी क्षमा मागून घेणे हा अन्यायाचाच पुढचा हप्ता असतो. सगळ्याच नातेवाइकांनी ती दिली नव्हती, हे बातम्यांत कोपऱ्यात गेले. पण ज्यांनी दिली त्यांतल्या कोणी खटला मागे घ्या म्हटले नाही. पुढे दीड वर्षाने कुटुंबे कोर्टात बसली, साक्षी दिल्या, कोण गेले आणि त्यामुळे घरात किती पोकळी पडली ते एकेकाने ज्यूरीला सांगितले. याच मंडळीच्या आफ्रिकन चर्चमधला डेन्मार्क व्हेसी १८२२मध्ये बंडाच्या कटाच्या आरोपावरून पकडला गेला, तेव्हा याच शहरात बंद दाराआड खटला चालला, ३५ जणांना फाशी झाली आणि चर्च पाडून टाकण्यात आले. तेव्हाच्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध त्यांच्यातल्या कोणाच्या साक्षीला किंमत नव्हती. डिसेंबर २०१६मध्ये याच मंडळीतल्या माणसांच्या साक्षी ऐकून ज्यूरीने इमॅन्युएलमधल्या हत्यांच्या आरोपीला सर्व ३३ आरोपांत दोषी ठरवले.